शह कुणाचा, चेक कुणाचा?

आम्ही वह्या 'चेक' करतो, नाक्यावर पोलीस 'चेकिंग' करतात, ईदला पोरांना 'चेक्स'चा शर्ट हवा असतो. या शब्दाला परका म्हणून हुसकावून लावा, असे सहसा कुणी म्हणत नाही. कारण तो साहेबाचा! पण साहेबाने तो आणला कुठून? फारसीतून. मूळ शब्द 'शाह'.

बुद्धिबळाचा खेळ भारतातून इराणात गेला. तिथे राजावर चाल आली की 'शाह' म्हणत. अरबांनी तो खेळ स्पेनपर्यंत नेला, फ्रेंचांच्या तोंडात शब्द मोडला आणि इंग्रजीत 'चेक' झाला. आधी राजाला दिलेला शह, मग अडवणे, मग आवर घालणे, मग तपासणे. अठराव्या शतकात बँकेच्या कागदात लबाडी होऊ नये म्हणून जी स्थळप्रत ठेवत तिला 'चेक' म्हणू लागले, पुढे पैशाचा कागदच चेक झाला. चेक्सचा शर्ट तर थेट पटावरच्या घरांचा! आणि आपल्या मराठीतले 'शह-काटशह'? त्यांच्यातही तोच शाह बसला आहे.

इंग्रजीने हा पाहुणा घरात घेतला, म्हणून ती बाटली नाही. आपल्याकडे मात्र शुद्धीचा सोवळेपणा जुना आहे. माधव जूलियनांनी १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश दिला आणि १९३८ मध्ये त्याच हाताने 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला! त्या सोवळ्याचे आजचे रूप म्हणजे अकोला जिल्ह्यातील पातूर. नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली एक ओळ उर्दूची होती. ती खुपली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने ती ओळ राहू दिली. आता अर्ज, दाखल, वकील, तारीख हे कोर्टकचेरीतले मराठी शब्द पाहा. सगळे अरबी-फारसीतून आलेले. ते वगळून हा खटला मराठीत कुणी सांगून दाखवावा!

पण आम्ही तरी कुठले धुतल्या तांदळाचे? 'चेक' आमचा निघाला म्हणून मिशीला पीळ द्यायला आम्ही तयार. अरे, इराणचे बादशहा इस्लामच्या कितीतरी आधीचे, शब्दाचा कलमा कुणी वाचला? आणि आमच्यातलेच काही जण, घरात आईशी मराठीत बोलणारे, पोराच्या उर्दू शाळेत येऊन विचारतात, "सर, मराठीचा तास कशाला? ती त्यांची जबान." मग पातूरच्या पाटीवर आम्ही कुठल्या तोंडाने बोलायचे?