कायमचे हंगामी

सरकारी इंजिनियर सेवाज्येष्ठतेच्या वादापायी न्यायालयात गेले, अशी बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते, तेव्हा आपण सारे काय म्हणतो ते मला आता पाठ झाले आहे. एक म्हणतो, "यांना रस्ते धड बांधता येत नाहीत, आणि खुर्चीसाठी मात्र हे हमरीतुमरीवर येतात!" दुसरा म्हणतो, "महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो ना? मग आणखी काय पाहिजे?" तिसरा काही न बोलता पान उलटतो. या सर्वमान्य टवाळीविरुद्ध मला आज भांडायचे आहे. चकली-करंजीच्या शेजारी हा रुक्ष विषय कशाला, असे कोणी विचारील. परंतु आपल्या शेतात येणारे पाणी, आपल्या गावचा पूल आणि आपल्या मुलांच्या शाळेचे छप्पर ज्या माणसांच्या हातून होते, त्यांच्या मनात वीस-वीस वर्षे कोणते शल्य सलत असते, हे सणाच्या निवांतपणी समजून घ्यायचे नाही, तर मग केव्हा?

माझे म्हणणे पहिल्यानेच सांगून टाकतो. हे भांडण हावऱ्या माणसांचे नाही. वेळच्या वेळी निर्णय न करणाऱ्या सरकारने आपल्याच माणसांत लावून दिलेले हे भांडण आहे.

घरातलेच उदाहरण घ्या. मोठ्या एकत्र कुटुंबात सुना येतात. थोरली जाऊ कोण आणि धाकटी कोण, हे वयावर ठरत नाही. नवऱ्याच्या नात्यावर ठरते. वयाने मोठी असलेली धाकटी जाऊ ते निमूटपणे मान्य करते, कारण नियम तिला उंबरठा ओलांडण्यापूर्वी ठाऊक असतो. पण समजा, सासूबाईंनी एकीला सांगितले, "तू तूर्त स्वयंपाकघर सांभाळ, मानाचे पुढे पाहू", आणि बारा वर्षे चूल फुंकल्यावर नवी सून आणून म्हटले, "ही थोरली!" तर त्या घरात भाऊबीज सुखाची होईल काय? दोन्ही जावा एकमेकींचे तोंड पाहणार नाहीत आणि सासूबाई मात्र शेजारी सांगत फिरतील, की आजकालच्या सुनांना समजूतच नाही!

आपल्या राज्याच्या इंजिनियरांचे नेमके असेच झाले. उपअभियंत्याच्या जागेवर माणूस दोन वाटांनी येतो. एक वाट सरळ भरतीची. पदवी घ्यायची, स्पर्धापरीक्षा द्यायची आणि लोकसेवा आयोगाकडून निवडून यायचे. दुसरी वाट बढतीची. खालच्या पायरीवर ओव्हरसियर म्हणून, आजच्या भाषेत कनिष्ठ अभियंता म्हणून, लागायचे आणि उन्हातान्हात मोजपट्टी धरून वर चढायचे. दोन्ही वाटा कायदेशीर आहेत आणि दोन्हींचे खात्याला अगत्य आहे. परीक्षेच्या वाटेने नवी विद्या येते. बढतीच्या वाटेने मातीची ओळख येते. धरण बांधायला दोन्ही लागतात.

गोम होती ती पुढे. सरळ भरतीचा उमेदवार दोन वर्षांची उमेदवारी संपवून कायम होई आणि त्याची ज्येष्ठता नेमणुकीच्या दिवसापासून मोजली जाई. बढतीचा माणूस मात्र 'हंगामी' म्हणून नेमला जाई. काम तेच, जबाबदारी तीच, सहीचा अधिकार तोच. पण त्याची ज्येष्ठता सरकार त्याला 'कायम' करील त्या दिवसापासून. आणि सरकार त्याला कायम केव्हा करील? ते सरकारची मर्जी जाणे! समजा, एक जण १९६० साली हंगामी उपअभियंता झाला आणि दहा वर्षे त्या खुर्चीवर राबला. १९७० साली कॉलेजातून निघालेला तरुण त्याच्या हाताखालीच काम शिकला आणि ज्येष्ठतेच्या यादीत त्याच्या वर जाऊन बसला. कार्यकारी अभियंत्याची जागा निघाली, की ती शिष्याला आणि गुरू पुन्हा हंगामीच! १९६० व १९७० सालच्या नियमांचा रोख असा होता.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मोडून काढला. निकाल लिहिला न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी, आपल्या पुण्याच्याच सुपुत्राने. सरकारी नोकरीत कायम होणे ही एक अशोभनीय अनिश्चितता आहे, ती माणसाच्या कर्तबगारीवर अवलंबून नसते आणि रिकाम्या जागांवरही नसते, अशा आशयाचा शेरा त्यांनी मारला. ज्या गोष्टीचा गुणाशी संबंध नाही आणि गरजेशीही नाही, तिच्यावर माणसाचे ज्येष्ठत्व टांगून ठेवणे हा समानतेच्या हक्काचा भंग आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे.

प्रकरण मिटले काय? छे! सरळ भरतीवाल्यांची संघटना न्यायालयात गेली आणि १९९० साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुन्हा निर्णय दिला. नियमाप्रमाणे नेमणूक झाली असेल तर ज्येष्ठता नेमणुकीपासून मोजावी, कायम झाल्यापासून नव्हे, हे मुख्य तत्त्व त्यांनी उचलून धरले. नियम डावलून केवळ वेळ मारून नेण्यासाठी बसवलेल्या माणसाला मात्र ते दिवस मोजून मिळणार नाहीत, असेही बजावले. एकूण अकरा सूत्रे त्यांनी सांगितली आणि देशभरातले नोकरशाहीचे खटले आजही त्या सूत्रांचा आधार घेतात. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या देणग्यांत ही एक आहे. ती मिरवावी की लपवावी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता साधा हिशेब करा. १९६० साली पंचविशीत हंगामी झालेल्या माणसाने पाच न्यायमूर्तींचा शब्द ऐकला तेव्हा तो पंचावन्न वर्षांचा होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी जायचे. त्याच्या उभ्या नोकरीला एक खटला पुरला!

मी बढतीवाल्यांची वकिली करीत आहे, असे सरळ भरतीवाल्या वाचकास वाटेल. तसे नाही. त्याचीही बाजू खरी आहे. दोन्ही वाटांना जागांचा वाटा नियमाने ठरवून दिलेला असतो. परीक्षा ज्या वर्षी व्हायला हवी त्या वर्षी ती होत नाही. काम तर थांबत नाही; म्हणून खाते बढतीची माणसे त्या जागांवर बसवते. चार वर्षांनी परीक्षा होते. तेव्हा निवडून आलेला तरुण म्हणतो, "या जागा माझ्या वाट्याच्या होत्या, परीक्षा वेळेवर घेतली नाही, हा काय माझा अपराध?" बढतीवाला म्हणतो, "चार वर्षे घाम मी गाळला, तो काय फुकट?" वाचकहो, दोघांपैकी खोटे कोण बोलतो? कोणीच नाही! ज्याने परीक्षा घेतली नाही तो तिसरा माणूस मात्र या खटल्यात साक्षीलाही उभा राहत नाही.

माझेच दोन जुने विद्यार्थी आज एका खात्यात आहेत. एक आयोगाच्या परीक्षेने गेला, दुसरा पदविका घेऊन खालून चढला. शाळेत दोघे एका बाकावर बसत आणि एकाच्या डब्यातली पोळी दुसरा खाई. परवापरवापर्यंत दिवाळीला एकमेकांच्या घरी फराळाला जात. ज्येष्ठतेची तात्पुरती यादी निघाली. तिच्यावर हरकती झाल्या. दोघांनी दोन वकील केले. आता एक जण माझ्याकडे पाडव्याला येतो, दुसरा भाऊबीजेला, म्हणजे गाठ पडायला नको. या दुराव्याची नोंद कोणत्या फायलीत होणार?

'तात्पुरती यादी' हे शब्द मी मुद्दाम वापरले. दर वर्षी १ जानेवारीची यादी करायची, हरकती मागवायच्या आणि ती अंतिम करायची, हा शिरस्ता आहे. ज्येष्ठतेच्या नियमांची नियमावली १९८२ साली झाली आणि २०२१ साली नवी झाली. कागदाचा तुटवडा नाही! परंतु यादी तात्पुरती निघते आणि तात्पुरतीच राहते. तिच्यावरच बढत्या होतात आणि त्या बढत्याही 'तात्पुरत्या'. हंगामी माणसांची तात्पुरती यादी, आणि तिच्यावर आधारलेली 'अंतिम निर्णयाच्या अधीन' बढती! अशा पायावर कोणी गुरांचा गोठा तरी बांधील काय?

हे अवघड आहे म्हणून होत नाही, असे सांगणारांसाठी मी मास्तर म्हणून एक गोष्ट सांगतो. खासगी शाळांसाठी सरकारने १९८१ साली नियम केले. वीस शिक्षकांच्या शाळेनेसुद्धा ज्येष्ठतेची यादी करावी, ती शिक्षकांत फिरवावी, प्रत मिळाल्याच्या सह्या घ्याव्यात, हरकतींचा विचार करावा, असे त्या नियमांत आहे. खेड्यातला मुख्याध्यापक एका कारकुनाच्या मदतीने हे करतो, आणि न केल्यास त्याला जाब द्यावा लागतो. म्हणजे जो नियम सरकार शाळेच्या पंतोजीवर लादते, तो स्वतःच्या घरात पाळायला त्याला मनुष्यबळ नाही! दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

हीच गत माणसे वाटून देण्याची. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा मराठवाड्याचे इंजिनियर हैदराबादेहून, विदर्भाचे मध्य प्रदेशातून आणि बाकीचे जुन्या मुंबई राज्यातून एका छताखाली आले. पदांची नावे निराळी, पगार निराळे, नियम निराळे. कोणते पद कोणत्या पदाच्या बरोबरीचे, हे ठरवण्यासाठी त्या वेळी चार कसोट्या लावल्या: कामाचे स्वरूप, अधिकार व जबाबदारी, किमान पात्रता आणि पगार. कसोट्या शहाणपणाच्या होत्या. पण ज्या माणसाला आपले सारे आयुष्य त्या कसोटीवर घासून घ्यावे लागले, त्याला उत्तर किती वर्षांनी मिळाले, हे कोणी विचारू नये.

१९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याचे वचन दिले होते. आज महसुली विभागवार वाटपाचे नियम आहेत. २०१५ चे झाले, २०२१ चे झाले. हेतू चांगला आहे: कोकण आणि पुण्याकडेच सर्वांची धाव असू नये, नागपूर, अमरावती आणि मराठवाडा रिकामे राहू नयेत. मी या हेतूच्या बाजूचा आहे. गडचिरोलीच्या माणसाला पूल नको, असे कोण म्हणेल? परंतु जो तरुण निमूटपणे तेथे जाईल, त्याचा यादीतला क्रमांक मंत्रालयाजवळ राहिलेल्याच्या मागे पडणार नाही, ही हमी कोणी द्यायची? ती असल्यावाचून केलेले वाटप हे वाटप नव्हे. ती शिक्षा आहे, आणि शिक्षेच्या जागेवर कोणी मन लावून काम करीत नाही.

येथे एक चलाख आक्षेप येतो. "ज्येष्ठताच नको. गुण पाहा. विश्वेश्वरय्या काय ज्येष्ठतेने मोठे झाले?" प्रश्न उत्तम आहे. विश्वेश्वरय्या पुण्याच्याच कॉलेजातून निघाले, १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले, खडकवासल्याला त्यांनी आपोआप उघडणारी दारे बसवली आणि १९०८ साली ती नोकरी सोडून मोकळे झाले. एवढ्या गुणाच्या माणसालाही त्या काळी वरची वाट मोकळी नव्हती, कारण गुण मोजणारी तागडी दुसऱ्याच्या हातात होती. आज ती कोणाच्या हातात आहे, हे सांगायला हवे काय? मंत्र्याचा भाचा नसलेल्या, पुढाऱ्याची चिठ्ठी नसलेल्या माणसाला संरक्षण कोणते? तर यादीतला त्याचा क्रमांक. ज्येष्ठतेची यादी हे गरिबाचे छप्पर आहे. गुणाची पारख जरूर करा. पण छप्पर उडवून नव्हे.

आणि खटला जिंकून तरी काय हाती लागते? 'मानीव दिनांक'! म्हणजे अमुक साली तुम्हाला बढती मिळाली असे मानायचे. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी पत्र येते, की आपण कार्यकारी अभियंता होता असे मानण्यात येत आहे. त्या मानलेल्या वर्षांत त्याने मानलेला कालवा खणला नाही, आणि मानलेले पाणी कोणाच्या उसाला गेले नाही. नुकसान त्याचे झाले त्याहून तुमचे-आमचे अधिक झाले.

१९९१ साली राज्याने नोकरांच्या वादांसाठी वेगळे प्रशासकीय न्यायाधिकरण उघडले. मुंबईला, नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला त्याची कचेरी आहे. दवाखाने वाढवले, चांगले केले. पण डबकी बुजवायची कोणी? परीक्षा दर वर्षी घ्या. यादी ठरल्या दिवशी अंतिम करा. ती न केल्यास ज्या टेबलावर ती अडली, त्या टेबलाच्या मालकाची वेतनवाढ अडवा. आणि एकदा न्यायाने घडी बसली, की ती पुन्हा विस्कटू नका. स्थिरावलेली घडी मोडणे सेवेच्या हिताचे नाही, हेही घटनापीठाने १९९० सालीच सांगून ठेवले आहे. यांपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, आणि एक पैसाही लागत नाही.

यापुढे इंजिनियर न्यायालयात गेल्याची बातमी आपण वाचाल, तेव्हा ते कशासाठी भांडत आहेत, असे विचारू नका. यादी कोणत्या तारखेला अंतिम व्हायची होती आणि ती कोणी केली नाही, एवढे विचारा. हा प्रश्न आपल्या आमदाराला विचारा, जाहीर सभेत विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत त्या दोन भांडणाऱ्या माणसांना हसू नका.