मोटारीचे वजन आणि धोरणांचे ओझे

मोटार विकत घ्यायला गेलेला भारतीय ग्राहक आजही दार जोरात लावून पाहतो, बॉनेटवर बोटांनी टकटक करतो आणि आवाज भरीव आला की ‘पत्रा जाड आहे’ म्हणून समाधान मानतो. जड गाडी सुरक्षित आणि हलकी गाडी तकलादू, हा समज आपल्याकडे इतका मुरलेला आहे की त्याला आव्हान देण्याची गरज फारशी कुणाला वाटलेली नाही. आता मात्र ती गरज निर्माण झाली आहे. आपण आयात करत असलेल्या खनिज तेलाचे प्रमाण एकूण गरजेच्या 85 टक्क्यांहून अधिक आहे, इंधनवापराचे निकष टप्प्याटप्प्याने कडक होत आहेत आणि मोटार हलकी करणे हा इंधन वाचवण्याचा एक खात्रीचा मार्ग आहे. वजन 10 टक्के घटवले तर इंधनाची कार्यक्षमता सहा ते आठ टक्क्यांनी सुधारते, असा अमेरिकी ऊर्जा विभागाचा ढोबळ अंदाज आहे. दुसरीकडे, आपल्या रस्त्यांवर 2022 या एका वर्षात 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. अशा देशात मोटारी हलक्या करण्याचा आग्रह धरावा काय?

धरावा, आणि तो सुरक्षिततेशी कोणतीही तडजोड न करता धरता येतो. अभियांत्रिकीने हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला आहे. तो सुटू न देण्याचे काम मात्र तीन वेगवेगळ्या मंत्रालयांचे नियम, परस्परांची दखल न घेता, करीत आहेत.

प्रथम ‘जाड पत्र्या’विषयी. मोटारीचा बाहेरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो आणि धडकेचा भार पेलण्यात त्याचा वाटा नगण्य असतो. तो भार पत्र्याआड दडलेला सांगाडा पेलतो. मर्सिडीज-बेन्झमधील अभियंते बेला बारेन्यी यांनी 1950च्या दशकाच्या आरंभी मांडलेले तत्त्व आजही या सांगाड्याचा पाया आहे : मोटारीचा पुढचा आणि मागचा भाग चुरगळून धडकेची ऊर्जा गिळणारा हवा, तर मधला प्रवासी कक्ष अभेद्य राहायला हवा. पुढच्या भागाला चुरगळायला किती अंतर मिळते, यावर आत बसलेल्या माणसाला बसणारा हिसका ठरतो. ताशी 64 किलोमीटर वेगाने अचल अडथळ्यावर आदळलेली मोटार 60 सेंटिमीटर चुरगळून थांबली, तर तिचे सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 27 पट असते. हेच अंतर 70 सेंटिमीटर असेल तर ते 23 पटींवर येते. या गणितात मोटारीचे वजन कुठेच येत नाही. उलट वजन जितके अधिक, तितकी सांगाड्याला गिळावी लागणारी ऊर्जा अधिक.

प्रवासी कक्ष अभेद्य करण्यासाठीही वजन वाढवावे लागत नाही. साध्या पोलादाचे ताणबल सुमारे 300 मेगापास्कल असते. बोरॉनयुक्त पोलाद सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून साच्यातच दाबले आणि तिथेच झपाट्याने थंड केले, तर हे बल 1,500 मेगापास्कलपर्यंत जाते. दोन दारांमधला खांब, छताच्या कडा, दारांतील आडवे दांडे अशा मोक्याच्या जागी हे पोलाद वापरले की कमी जाडीत अधिक बळ मिळते. प्रतिकिलो ते महाग असते, पण किलो कमी लागतात.

भारतीय बाजारातच याचा पुरावा आहे. 2014च्या जानेवारीत ‘ग्लोबल एनकॅप’ने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारींची चाचणी घेतली, तेव्हा पाचही मोटारींना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. लहान मोटारीकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. त्यानंतर 2024च्या नोव्हेंबरमध्ये मारुती सुझुकीच्या नव्या डिझायरने प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळवले. या मोटारीचे वजन साधारण 920 ते 1,025 किलोच्या दरम्यान आहे. म्हणजे टनभर वजनाची, सामान्य कुटुंबाला परवडणारी मोटारही सुरक्षित असू शकते. प्रश्न उरतो तो असा की, अशी मोटार बनवणे हे उद्योगासाठी अपवाद न राहता नियम व्हावा, असे आपल्या धोरणांत काही आहे काय?

पहिला अडसर इंधनवापराच्या निकषांतला. ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील ऊर्जा कार्यक्षमता विभाग अर्थात ‘बीईई’ हे निकष राबवतो. 2022-23पासून लागू असलेल्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक कंपनीचे उद्दिष्ट तिच्या मोटारींच्या सरासरी वजनावर ठरते. सरासरी वजन 1,145 किलो असेल तर 100 किलोमीटरला 4.77 लिटर, म्हणजेच किलोमीटरमागे 113 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. वजन किलोभराने वाढले की 0.002 लिटरची सवलत मिळते आणि घटले की तेवढीच काढून घेतली जाते. आता एखाद्या कंपनीने मेहनतीने आपले सरासरी वजन 10 टक्के, म्हणजे 114 किलोंनी कमी केले असे समजू. वरच्या ठोकताळ्यानुसार तिची बचत 100 किलोमीटरमागे 0.29 ते 0.38 लिटर होईल. पण त्याच वेळी तिचे उद्दिष्ट 0.23 लिटरने कडक होईल. तिच्या कमाईचा बहुतांश हिस्सा नियमच परत घेतो. अवजड एसयूव्हीकडे वळलेल्या कंपनीला मात्र तोच नियम सैल लक्ष्य देतो.

दुसरा अडसर अर्थ मंत्रालयाचा. 2006च्या अर्थसंकल्पाने चार मीटरच्या आतील लांबी आणि ठरावीक क्षमतेचे इंजिन असलेल्या मोटारींना उत्पादन शुल्कात सवलत दिली. ही चार मीटरची रेषा वस्तू व सेवा करातही टिकली. 2025च्या सप्टेंबरमध्ये कराचे दर बदलले, तेव्हाही या रेषेच्या आत 18 टक्के आणि बाहेर 40 टक्के अशीच विभागणी झाली. परिणामी डिकी, पाय ठेवायची जागा आणि बॉनेट यांच्यात मिलिमीटरची ओढाताण होते. ग्राहकाला डिकी दिसते, चुरगळणारा भाग दिसत नाही. तेव्हा कात्री कुणावर चालण्याची शक्यता अधिक, हे सांगायला नको. सुरक्षिततेचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे प्रवाशापुढची थोडी अधिक लांबी, आणि आपली करव्यवस्था नेमका त्याच लांबीवर दंड आकारते.

तिसरा मुद्दा रस्ते वाहतूक मंत्रालयाचा. 2023च्या ऑक्टोबरपासून सुरू झालेली ‘भारत एनकॅप’ ही तारांकन योजना स्वागतार्ह आहे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमुळे अशा चाचण्या देशातच होऊ शकतात. परंतु योजना ऐच्छिक आहे आणि तिची समोरील धडकेची चाचणी अचल अडथळ्यावर होते. त्यामुळे तारे सांगतात ते आतल्या प्रवाशांविषयी. समोरच्या मोटारीतील माणसांचे काय होईल, हे ते सांगत नाहीत. एक हजार किलोची आणि दोन हजार किलोची अशा दोन मोटारी ताशी 50 किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळल्या, तर हलक्या मोटारीच्या वेगात सुमारे 67 किलोमीटरचा फरक पडतो आणि जड मोटारीच्या वेगात 33 किलोमीटरचा. दोघींना पाच-पाच तारे असले तरी हे गणित बदलत नाही. जड मोटारीचा मालक जी जादा सुरक्षा विकत घेतो, तिची किंमत अंशतः समोरचा चुकवत असतो.

हाच जड मोटारीच्या बाजूने होणाऱ्या युक्तिवादातला दोष आहे. ‘समोरची गाडी जड आहे म्हणून माझीही जड हवी’ ही शर्यत कुणालाच सुरक्षित करत नाही. आणि आपल्याकडे समोर बहुधा मोटार नसतेच. 2022मधील मृतांत 74,897 जण दुचाकीवरचे आणि 32,825 पादचारी होते. युरोपातील एनकॅपने 2020पासून अचल अडथळ्याऐवजी 1,400 किलोचा चालता गाडा वापरायला सुरुवात केली आणि समोरच्याला अधिक इजा करू शकणाऱ्या मोटारींचे गुण कापले. भारतासारख्या मिश्र रहदारीच्या देशाला तर अशा चाचणीची गरज कितीतरी अधिक आहे. विद्युत मोटारी वाढतील तसा हा प्रश्न आणखी तीव्र होईल, कारण त्यांपैकी अनेकींच्या बॅटरीचेच वजन काहीशे किलो असते.

या पार्श्वभूमीवर 2025च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झालेला तिसऱ्या टप्प्यातील इंधन निकषांचा मसुदा पाहावा. 909 किलोपर्यंत वजन, चार मीटरपर्यंत लांबी आणि 1,200 सीसीपर्यंत इंजिन असलेल्या पेट्रोल मोटारींना त्यात विशेष सवलत सुचवली होती आणि तीवरून उद्योगात उघड दुफळी झाली. त्या मसुद्याचे पुढे काहीही होवो, त्यातून एक धडा घ्यावा. वजनाची निव्वळ रेषा आखली की रेषेच्या आत येण्यासाठी शेवटचे 20 किलो कुठून तरी काढावे लागतात, आणि ते कुठून काढले जावेत याबाबत असा नियम मौन बाळगतो. उत्तम पोलाद वापरूनही ते निघतील आणि दारांतला आडवा दांडा बारीक करूनही.

या साऱ्यावर एक आक्षेप गांभीर्याने घेण्याजोगा आहे. सुरक्षेच्या अटी वाढल्या, मोटार महागली, तर दुचाकीवरून मोटारीकडे येऊ पाहणारे कुटुंब दुचाकीवरच राहील आणि तिथे धोका कितीतरी मोठा आहे. आक्षेप खरा आहे. पण त्यावरचा उपाय कमकुवत सांगाडा विकू देणे हा नाही. हलक्या आणि सुरक्षित मोटारीवरचा कर कमी करणे हा आहे. सध्याची सवलत लांबी मोजून दिली जाते; ती तारे आणि वजन पाहून दिली तर तोच पैसा जीव वाचवण्याच्या कामी येईल.

म्हणून चार गोष्टी व्हाव्यात. इंधनवापराचे उद्दिष्ट वजनावर न ठरवता, अमेरिकेत ठरते तसे चाकांमधील क्षेत्रफळावर ठरवावे. मग वजन घटवण्याचा पूर्ण लाभ कंपनीच्या पदरी पडेल आणि मोटार आखूड करण्याचा मोह राहणार नाही. लहान मोटारींना कोणतीही सवलत द्यायची असेल तर किमान तारांकनाची अट घालावी. करातील चार मीटरची रेषा पुसावी. आणि तारांकन सक्तीचे करून त्यात समोरच्या वाहनाला व पादचाऱ्याला होणाऱ्या इजेचेही गुण धरावेत.

याला जोड हवी ती रस्त्याकडेच्या गॅरेजची. तप्त साच्यात घडवलेले पोलाद गॅसच्या ज्योतीने तापवून, ठोकून सरळ केले की त्याचे बळ नाहीसे होते. तो भाग बदलावाच लागतो. डेंटिंग करणाऱ्या कारागिरांना हे प्रशिक्षण मिळाले नाही आणि विमा कंपन्यांनी बदललेल्या भागाचा खर्च नाकारला, तर पहिल्या अपघातानंतर पाच ताऱ्यांची मोटार केवळ कागदावर पाच ताऱ्यांची उरेल. सीटबेल्टचेही तसेच : 2022मध्ये तो न लावलेले 16,715 जण दगावले, आणि त्यांना वाचवणारे पोलाद अजून निघालेले नाही.

ऊर्जा मंत्रालय ग्रॅम मोजते, अर्थ मंत्रालय मिलिमीटर मोजते आणि रस्ते मंत्रालय तारे मोजते. मोटार बनवणारा अभियंता या तिन्ही मापांची सांगड एकाच सांगाड्यात घालतो. तिन्ही मंत्रालयांनी ती एकाच अधिसूचनेत घालावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.