वर्धा कडे, वर्ध्याकडे

केळझरला रेल्वे नाही. नागपूर-वर्धा रस्त्यावरचे हे गाव एसटीच्या भरवशावर राहते, आणि ज्यांना गाडी गाठायची असते ते सिंदीची किंवा सेलूची वाट धरतात. आम्ही काही प्राध्यापक मंडळी अनेक वर्षे असाच रस्त्याचा आणि रुळांचा मिळून प्रवास करीत आलो आहोत. एसटीतला कंडक्टर 'केळझर, गणपतीवाले उतरा!' अशी हाक देतो तेव्हा टेकडीवरच्या सिद्धिविनायकाला आलेला नवखा भाविकही न चुकता उतरतो. रेल्वेच्या फलाटावर मात्र तीन भाषांतून, ध्वनिक्षेपकावरून, घंटेच्या मंजुळ सुरासह घोषणा होते आणि तरीही माणसे एकमेकांना विचारत राहतात, 'काय म्हणाली हो?'

हा प्रश्न आम्हांला एरवी गमतीचा वाटला असता. परंतु मागच्या एका हिवाळी परीक्षेच्या सकाळी आमच्या वर्गातली एक मुलगी एका लहान स्टेशनावर उभी होती. गाडी पलीकडच्या फलाटावर येणार असल्याची घोषणा झाली. त्यातले मराठी वाक्य धडधडत जाणाऱ्या मालगाडीने गिळले, हिंदी वाक्य अर्धे ऐकू आले आणि इंग्रजी वाक्य सुरू होईतो गाडी दिसू लागली होती. लोक धावले म्हणून तीही धावली, आणि पुलाकडे न जाता रुळांवरून धावली. ती सुखरूप पोहोचली, पेपरही दिला. दुसऱ्या दिवशी तिने आम्हांला विचारले, 'सर, त्या बाई नक्की काय म्हणाल्या होत्या?' भाषा शिकवणाऱ्यांपाशी या प्रश्नाचे उत्तर नव्हते. म्हणून हा लेख.

घोषणा हाही एक पाठ आहे, आणि त्याची चिकित्सा करता येते. नेहमी कानी पडणारी रचना घ्या: गाडी क्रमांक अमुक अमुक, 'वर्धा' – क्षणभर विराम – 'कडे जाणारी'. येथे 'वर्धा कडे' असे दोन तुकडे ऐकू येतात. मराठीत नामाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, हे शाळकरी व्याकरण आहे. वर्धा – वर्ध्याकडे, पुणे – पुण्याहून, ठाणे – ठाण्याला, अकोला – अकोल्यापर्यंत. हिंदीत 'वर्धा से' चालते. इंग्रजीत तर स्थलनामाला धक्काच लागत नाही. ध्वनिमुद्रित तुकडे जोडून वाक्य घडवणाऱ्या यंत्रात प्रत्येक स्टेशनाच्या नावाचा एकच तुकडा साठवला, की हिंदी आणि इंग्रजी वाक्ये निभावून जातात आणि मराठी वाक्य सांध्यातून निखळते. सांगाडा दुसऱ्या भाषांचा आणि त्यावर मराठी शब्दांचे कातडे, असा हा प्रकार दिसतो.

कोणी म्हणेल, हा व्याकरण्यांचा हट्ट झाला. अर्थ तर कळतो ना? कळतो, पण केव्हा, हे महत्त्वाचे आहे. 'वर्ध्याकडे' हा शब्द कानाला ओळखीचा आहे. गोंगाटात त्याचे एखादे अक्षर हरवले तरी उरलेल्या अक्षरांवरून मन तो पुरा करते. 'वर्धा… कडे' हा अनोळखी तुकडा मात्र मनाला जुळवावा लागतो, आणि फलाटावर त्याला सवड नसते. डिसेंबर २०१० पासून गाड्यांचे क्रमांक चार आकड्यांवरून पाच आकड्यांचे झाले आणि वाक्याच्या तोंडीच पाच सुटे अंक आले. ज्याला 'वर्ध्याची गाडी, फलाट दोन' एवढेच हवे असते, त्याचे लक्ष त्या पाच अंकांतच खर्च होते.

दिलगिरीचीही तीच गत. 'असुविधेबद्दल खेद आहे' हे हिंदी वाक्याचे छायारूप. मराठी माणूस 'गैरसोय' म्हणतो, आणि दिलगीर असेल तर 'आम्ही दिलगीर आहोत' म्हणतो. खेद कोणाला आहे, हे त्या वाक्यात कोठेच नाही. साहित्याच्या वर्गात आम्ही निवेदक कोण, असा प्रश्न विचारायला शिकवतो. तो येथे विचारला, तर निवेदकाची जागा रिकामी आढळते.

जुनी दवंडी आठवून पाहावी. आमच्याकडे तिला मुनादीही म्हणत. आधी वाद्य वाजे, बोलणे थांबे. मग 'ऐका हो ऐका', मग एक आखूड वाक्य, आणि पुढच्या चौकात पुन्हा तेच. निरोप अर्धाच पोहोचला तर ज्याने पाठवले त्यालाही त्याचा उपयोग नाही, हे दवंडी देणाऱ्याला ठाऊक होते. आजची यंत्रणा त्या वाद्याची जागा घंटेला देते. ऐकणाऱ्याची काळजी मात्र मागे राहून गेली आहे.

याचा अर्थ ध्वनिमुद्रण वाईट असा नव्हे. सरला चौधरी यांचा आवाज मुंबईत आणि मुंबईबाहेर लक्षावधी प्रवाशांच्या परिचयाचा झाला, तो स्वच्छ उच्चारांमुळे. लंडनच्या भुयारी रेल्वेत गाडी आणि फलाट यांतील अंतर सांभाळण्याची सूचना ऑस्वल्ड लॉरेन्स या नटाच्या आवाजात ऐकू येई. त्याच्या निधनानंतर त्याची पत्नी तो आवाज ऐकण्यासाठी एम्बँकमेंट स्टेशनावर येऊन बसत असे. तो आवाज बंद झाला तेव्हा तिने विचारणा केली, आणि २०१३ साली त्या स्टेशनापुरता तो पुन्हा सुरू करण्यात आला. मुद्रित आवाजातही माणूस राहू शकतो, तो ठेवण्याची इच्छा मात्र हवी.

परंतु काही वेळा मुद्रित आवाज पुरत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला तेव्हा उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या कक्षातून बोलत राहिले. धोका कोणत्या बाजूला आहे आणि फलाट क्रमांक एककडून बाहेर पडावे, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. हल्लेखोरांनी त्यांच्या कक्षावरही गोळ्या झाडल्या. त्या शब्दांनी कित्येकांचे प्राण वाचले. असे वाक्य कोणत्याही साठवलेल्या तुकड्यांत नसते. जो पाहतो आहे, त्यालाच ते सुचते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आगीची अफवा पसरली. घाबरून खाली उतरलेले प्रवासी शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीखाली सापडले. त्यानंतर महिन्याच्या आतच, १५ फेब्रुवारीला, नवी दिल्ली स्टेशनावरील चेंगराचेंगरीत १८ जण मृत्युमुखी पडले. नावात 'प्रयागराज' असलेल्या दोन गाड्यांच्या घोषणांतून गोंधळ झाल्याचे पोलिसांनी प्रथम सांगितले. पुढे संसदेत रेल्वेमंत्र्यांनी डोक्यावरचे मोठे बोचके पडल्याचे कारण दिले. कारणांचा निवाडा आम्ही करू शकत नाही. पण दाटलेल्या गर्दीत एका शब्दाची संदिग्धता काय करू शकते, हे समजण्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही. अफवा नेहमी अस्सल बोलीत येते. तिला उत्तर देणारा आवाजही तितकाच बोलका असावा लागतो.

आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, घोषणा ऐकतो कोण, असे आमचे विद्यार्थीच विचारतात. मोबाइल वाचता न येणारी म्हातारी ऐकते. अंध प्रवासी ऐकतो. रेंज नसलेल्या स्टेशनावरचा प्रत्येक जण ऐकतो. आणि आयत्या वेळी फलाट बदलला की मोबाइलवालेही मान वर करून भोंग्याकडेच पाहतात.

मग करावे काय? मागणी अगदी लहान आहे. प्रत्येक स्टेशनाच्या नावाचे दोन उच्चार मुद्रित करावेत: एक मूळ नाव, दुसरे सामान्यरूप. गावाचे नाव आणि फलाट आधी सांगावा, क्रमांक नंतर. फलाट बदलल्यास ते वाक्य गाडी येण्याच्या पुरेसे आधी आणि दोनदा म्हणावे. आणि अडचणीच्या वेळी स्टेशनातल्या माणसाने स्वतः माईक हाती घ्यावा. त्याची वऱ्हाडी ऐकून कोणाचाही अपमान होणार नाही.

उरलेले काम आमचे आहे. 'व्यावहारिक मराठी'च्या तासाला आम्ही जाहिरात शिकवतो, बातमी शिकवतो, पत्रलेखन शिकवतो. फलाटावरची घोषणा लिहायला आम्ही आजवर एकदाही दिलेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही महाविद्यालयात पेढे वाटले, आणि त्याच संध्याकाळी 'वर्धा कडे जाणारी' गाडी निमूटपणे पकडली. त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून यंदा पहिल्याच तासाला वर्गाला ती घोषणा मराठीत लिहायला सांगणार आहोत. तपासताना निकष एकच ठेवू: ती एकदा ऐकून तिला पुलाकडे वळता आले असते का?