उन्हाचा भाव कोण ठरवणार?



कोरडवाहू शेतकऱ्याच्या शिवारात एक माल कधी कमी पडत नाही. तो म्हणजे ऊन. पावसाने दडी मारो, ज्वारी हुरड्यात असताना अवकाळी येवो, ऊन ठरल्या वेळी हजर. आजवर त्याला गिऱ्हाईक नव्हते. आता आले आहे, आणि गिऱ्हाईक लहानसहान नाही. 4 जानेवारी 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला मंजुरी दिली. रक्कम 19,744 कोटी रुपये, आणि 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हायड्रोजन काढण्याचे लक्ष्य. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्र सरकारने आपले वेगळे धोरण आणले, 8,562 कोटींचे. या धंद्याचा कच्चा माल दोनच वस्तू: ऊन आणि पाणी. कच्चा माल खेड्यातला आणि पक्का माल शहरातला, ही गोष्ट कापूस पिकवणाऱ्याला कोणी नव्याने सांगायला नको.

आधी वस्तू काय आहे ते समजून घेऊ. पाण्यात दोन पत्रे बुडवून वीज सोडली की पाणी फुटते, एकीकडे हायड्रोजन निघतो, दुसरीकडे प्राणवायू. हायड्रोजन जाळला तर धूर नाही, पुन्हा पाणीच तयार होते. वीज सूर्याची किंवा वाऱ्याची असली की त्याला ‘हरित’ म्हणायचे. यात कालचे शास्त्र काहीच नाही. डेन्मार्कमधल्या आस्कोव्ह गावच्या लोकशाळेत पॉल ला कूर नावाच्या मास्तराने 1895 साली पवनचक्कीच्या विजेने पाणी फोडून त्या वायूवर शाळेचे दिवे लावले. स्फोटाने शाळेची तावदाने फुटायची ती वेगळी. पण त्याने पुढे काय केले पाहा. खेड्यातल्या पोरांना पवनचक्कीच्या विजेचे काम शिकवायचे वर्ग काढले. आपल्याकडे 1961 साली सुरू झालेल्या नांगलच्या खत कारखान्यात भाक्राच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढत आणि त्यापासून नत्राचे खत करीत. पुढे वीज अपुरी पडू लागली आणि कारखाना तेलावर गेला.

विजेचा टप्पा गाळून उन्हानेच पाणी फोडायची धडपड 1972 पासून जपानमध्ये चालू आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 2021 मध्ये 100 चौरस मीटरचे, म्हणजे जवळजवळ एक गुंठ्याचे, तावदान करून दाखवले. उन्हातली फार तर पाऊण टक्का शक्ती हाती लागली. ते पीक अजून पोटरीतसुद्धा आलेले नाही. सध्याचा सगळा व्यवहार सौर पट्ट्यांच्या विजेवर चालायचा आहे.

आता हिशेब मांडू. एक मेगावॅटच्या सौर पट्ट्यांना साधारण चार एकर लागतात आणि आपल्याकडच्या उन्हात वर्षाला 16 लाख युनिटच्या आसपास वीज होते. म्हणजे एकरी 4 लाख युनिट. एक किलो हायड्रोजनला 50 ते 55 युनिट लागतात. मधली घट धरून एकरी 7,000 किलो हायड्रोजन म्हणा. ज्या एकरात चार-पाच क्विंटल कापूस झाला तर आपण देवाला नारळ फोडतो, त्याच एकराचे हे उत्पन्न.

पाण्याविषयी आपल्याच सभांत बोलले जाते की हे कारखाने आपले पाणी पिऊन टाकतील. हिशेब न करता ओरडणे ही इंडियाची खोड आहे, ती भारताने उचलू नये. किलोभर हायड्रोजनला शास्त्राप्रमाणे 9 लिटर पाणी लागते. शुद्ध करताना वाया जाणारे आणि थंड करायला लागणारे धरून 20 लिटर धरा. 7,000 किलोला झाले 1 लाख 40 हजार लिटर, दहा हजारांचे 14 टँकर. त्याच एका एकरावर 700 मिलिमीटर पावसात 28 लाख लिटर पाणी पडते. म्हणजे शेकडा पाच. ज्वारीचे पीक याच्या कितीतरी पट पाणी पिते. तेव्हा पाणी जाईल म्हणून हायड्रोजन नको, हा मुद्दा टिकणारा नाही. हजारो एकरांचे हायड्रोजन एकाच टंचाईच्या तालुक्यात, एकाच धरणावर काढायला बसले तर मात्र गोष्ट वेगळी, आणि तिथे अडवलेच पाहिजे. पिण्याच्या पाण्यानंतर शेती आणि त्यानंतर कारखाना, हा क्रम ठेवूनच परवानगी मिळाली पाहिजे.

आपले भांडण पाण्याशी नाही, दामाशी आहे.

मिशनच्या रकमेतले 17,490 कोटी रुपये यंत्रे बनवणाऱ्या आणि हायड्रोजन काढणाऱ्या कंपन्यांना प्रोत्साहन म्हणून आहेत. हायड्रोजन काढणाऱ्याला पहिल्या वर्षी किलोला जास्तीत जास्त 50 रुपये, दुसऱ्या वर्षी 40, तिसऱ्या वर्षी 30. हे कमाल आकडे, लिलावात कंपन्या कमीही मागतात. पण कमाल धरली तर एका एकराच्या उन्हावर तीन वर्षांत 8 लाख 40 हजार रुपये सरकारी तिजोरीतून. शिवाय आंतरराज्य वीजवहनाचा आकार माफ.

आणि ज्याची जमीन त्याला काय? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारने हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडे ठरवले, म्हणजे एकरी 50 हजार, दरसाल 3 टक्के वाढ. ती योजना शेतीपंपांच्या विजेची आहे, हायड्रोजनची नाही हे खरे. पण सौर पट्ट्यांखालच्या जमिनीला काय मोजायचे याचा पायंडा तिथे पडला. तीन वर्षांचे दीड लाख आणि थोडी वाढ. पंचवीस वर्षांनी भाडे होईल लाखभर, तेव्हा लाखाला काय येत असेल ते ज्याने 1995 सालची बाजारहाट केली आहे त्याला विचारा. तरीही सही करणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. खर्च वजा जाता कोरडवाहू कापसात एकरी 50 हजार कोणाला उरतात? शेतीमालाचे भाव वर्षानुवर्षे पाडून ठेवायचे, मग हातघाईवर आलेल्याला भाडेपट्ट्याचा कागद पुढे करायचा. कारखानदाराला उघड सबसिडी आणि आपल्याला उणे सबसिडी, हे जुनेच गणित नव्या शाईत लिहिले आहे.

‘यातून तुम्हाला स्वस्त खत मिळेल’ हे गाजर आता दाखवले जाईल. कृषी महाविद्यालयात आम्हाला युरियाच्या मात्रा पाठ करायला लावल्या, तो कशाचा बनतो हे कोणी धड सांगितले नाही, म्हणून इथे सांगतो. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यामागे साडेचार किलो हायड्रोजन लागतो. आज तो नैसर्गिक वायूपासून काढतात, आणि त्या वायूचा मोठा भाग परदेशातून येतो. एका एकराच्या उन्हात दीड हजार पोत्यांपुरता हायड्रोजन आहे! ऐकायला गोड. पण हायड्रोजनचा आधी अमोनिया होतो, आणि 2025 मध्ये खत कारखान्यांसाठी झालेल्या लिलावात हरित अमोनियाचे भाव किलोला साधारण 50 ते 65 रुपये निघाले. एका पोत्याला साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो. नुसता अमोनियाच बाराशेच्या वर गेला, आणि पोते आपल्याला 266 रुपयांच्या आसपास मिळते. शिवाय युरियाला कार्बन डायऑक्साईडही लागतो. वायूवरच्या कारखान्यात तो आपोआप निघतो, उन्हावरच्या कारखान्यात निघत नाही, कुठूनतरी आणावा लागतो. साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळी आंबताना तो भरपूर निघतो खरा, पण दोन्ही एकत्र आणायचे कोणाला सुचते? तेव्हा स्वस्त खताची थाप आज कोणी मारली तर हा हिशेब पुढे ठेवा. उद्या यंत्रे स्वस्त झाली तर आकडे बदलतील, आणि तेव्हा मालकी कोणाची हे आजच ठरते आहे.

अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने मॉरिस येथील शेती संशोधन केंद्रात 2013 साली वाऱ्याच्या विजेवर अमोनिया करणारा छोटा कारखाना चालू केला. तो अमोनिया तिथल्याच शेतांत खत म्हणून घातला. म्हणजे हे यंत्र बंदरालगतच असले पाहिजे असे शास्त्र सांगत नाही. अमोनिया विषारी आहे आणि हायड्रोजन भडका घेणारा, तो गावठाणात नको, जाणकार माणसे हवीत, हेही तितकेच खरे. आपली शिकलेली पोरे ते शिकू शकत नाहीत असे कोणी म्हणू नये.

म्हणून मागणी भाडे वाढवून देण्याची नाही. उन्हावर निघालेल्या प्रत्येक युनिटमागे जमीनमालकाचा हिस्सा ठरवा, आणि विजेचा भाव वाढला की तो वाढू द्या. शेतकऱ्यांच्या कंपनीला आपली वीज हव्या त्या गिऱ्हाइकाला विकण्याची मोकळीक द्या. एकाधिकार खरेदीने कापसाचे काय झाले ते या जिल्ह्याने भोगले आहे, उन्हाची एकाधिकार खरेदी आम्हाला नको. जे प्रोत्साहन मोठ्या कंपनीला, तेच किलोमागे शेतकऱ्यांच्या छोट्या कारखान्यालाही मिळाले पाहिजे. आणि सबसिडी कोणालाच द्यायची नसेल तर तेही आम्हाला मंजूर आहे, मग खुल्या बाजारात बघू कोणाचे ऊन स्वस्त पडते.

ज्यांच्या गावात सौर प्रकल्पासाठी भाडेपट्टे झाले आहेत किंवा दलाल फिरत आहेत, त्यांनी जिल्हा बैठकीला येताना कराराची प्रत आणि सातबारा बरोबर आणावा. मुदत किती, दरवाढ किती आणि करार मोडायचा हक्क कोणाला, ही तीन कलमे तिथे सर्वांसमोर वाचू. सही केली नसेल तर बैठकीपर्यंत करू नका.