स्वस्त मिळते म्हणून घ्यावे का? जुन्या ग्राफिक्स कार्डाचा हिशेब

'सस्ता रोये बार बार, महंगा रोये एक बार' ही कहावत आपल्या बाजारपेठेत लहान मुलालाही पाठ असते. पण ती अर्धीच खरी आहे. जुन्या, स्वस्त यंत्रांवर ज्यांची रोजीरोटी उभी राहिली असे हजारो कारागीर याच महाराष्ट्रात आहेत. म्हणून खरा प्रश्न स्वस्त की महाग हा नाही. कोणते यंत्र जुने झाल्यावरही कमावते आणि कोणते जुने झाले की मालकालाच खाऊ लागते, हा खरा प्रश्न आहे. आज तो आपल्या तरुणांपुढे एका नव्या वस्तूच्या रूपाने आला आहे. ती वस्तू म्हणजे कॉम्प्युटरमधले ग्राफिक्स कार्ड.

चौसाळ्यात कपड्याचे दुकान चालवणाऱ्या माणसाला या यंत्राशी काय देणेघेणे, असे वाचक विचारतील. देणेघेणे आहे. लग्नाचा बस्ता बांधायला येणारे घर त्याच आठवड्यात व्हिडिओवाल्यालाही विसार देते. आपली कितीतरी मुले आज शूटिंग, एडिटिंग, फ्लेक्स, कपड्यावरील छपाई आणि डिझाइनच्या धंद्यात उतरली आहेत. बीड-सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या गावातली पोरे दुकानाच्या ओट्यावर बसून विचारतात, "चाचा, मागच्या मॉडेलचं कार्ड निम्म्यात पडतंय, घेऊन टाकू का?" त्यांना मशवरा द्यायचा तर नीट हिशेब मांडूनच दिला पाहिजे.

यंत्रमागाचा धडा

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढे मालेगाव आणि भिवंडीतही यंत्रमाग आले. गिरण्यांनी टाकून दिलेले साधे माग आपल्या विणकरांनी भंगाराच्या भावात घेतले, दुरुस्त केले आणि त्यावर पिढ्यांचे पोट भरले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि गिरण्या बसल्या, तरी हे जुने माग चालत राहिले.

हे का जमले? एक तर मागाचा झिजलेला भाग गावातला लेथवाला बनवून देतो. धोटा तुटला, नवा बसवला. दांता झिजला, नवा ओतून घेतला. दुसरे म्हणजे जुन्या मागाला नवी जोड देता येते. केंद्र सरकारने १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतून सुरू केलेल्या पॉवरटेक्स योजनेत साध्या मागालाच सुधारणेचा संच बसवण्याची सोय होती. तिसरे कारण सर्वांत मोठे. सूत बदलले नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा माग आजचे सूतही विणतो.

ही आठवण आपल्या समाजाच्या हाडामांसात आहे. म्हणूनच स्वस्तातले जुने यंत्र दिसले की आपला हात आपोआप खिशाकडे जातो. पण ग्राफिक्स कार्ड म्हणजे यंत्रमाग नव्हे.

कार्डावरची मेमरी पक्की जोडलेली असते, ती घरी वाढवता येत नाही. चिप जळली तर लेथवाला काय करणार? आणि येथे सूतही बदलते. कॅमेरे बदलतात, सॉफ्टवेअर बदलते, आणि कार्ड बनवणारी कंपनी एक दिवस जुन्या मालाकडे पाठ फिरवते. २०१६ साली आलेल्या १०६०, १०७०, १०८० या कार्डांना एनव्हिडिया कंपनीने ऑक्टोबर २०२५ नंतर नवी भर देणे थांबवले. केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत देऊ, असे तिने जाहीर केले. कार्ड त्यानंतर बंद पडत नाही, पण नवे सॉफ्टवेअर त्याला ओळख देईनासे होते. आयकराच्या नियमांतही हा फरक वर्षानुवर्षे दिसतो. साध्या यंत्राला दरसाल १५ टक्के घसारा, तर कॉम्प्युटरला ४० टक्के. कॉम्प्युटर किती लवकर म्हातारा होतो, हे सरकारनेही मान्य केलेले आहे.

जुने ते सारेच वाईट नाही

मग जुन्या पिढीचे कार्ड घेऊच नये काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०६० कार्डाला १२ जीबी मेमरी आहे. त्याच्या जागी जून २०२३ मध्ये आलेल्या ४०६० ला ८ जीबी, आणि मे २०२५ मध्ये आलेल्या ५०६० लाही ८ जीबीच. ज्याच्या कामाला मेमरी जास्त लागते, उदाहरणार्थ मोठे व्हिडिओ, त्रिमितीय डिझाइन किंवा घरच्या कॉम्प्युटरवर एआयने चित्रे तयार करणे, त्याला काही वेळा जुनेच कार्ड उपयोगी पडते.

परंतु याच ३०६० मध्ये एक खोडा आहे. कंपनीने नंतर याच नावाने ८ जीबीचे कार्डही काढले आणि ते कामाला हळू आहे. नाव एक, माल दोन. कापडात एकाच छापाचे दोन तागे येतात, एक ६० पन्ह्याचा आणि एक ४४ पन्ह्याचा. छाप पाहून माल उचलणारा फसतो, पन्हा मोजणारा फसत नाही. कार्ड घेतानाही नाव पाहू नका, मेमरी वाचा.

दुसरीकडे जुन्या पिढीची काही उणीव कितीही सवलतीने भरून निघत नाही. लग्नाचे शूटिंग करणारी आपली मुले आता ज्या नव्या कॅमेऱ्यांवर काम करतात, त्यांतले अनेक कॅमेरे १० बिट ४:२:२ प्रकारचा व्हिडिओ देतात. तो उलगडण्याची सोय एनव्हिडियाच्या कार्डांत जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेतच प्रथम आली. त्याआधीचे मोठ्यात मोठे कार्ड घेतले तरी त्या कामात ते हात वर करते. गंमत अशी की इंटेलच्या १२ व्या पिढीच्या साध्या प्रोसेसरमधले अंगभूत ग्राफिक्स एच.२६५ पद्धतीचा असा व्हिडिओ उलगडते. मात्र ज्या प्रोसेसरच्या नावापुढे 'एफ' अक्षर आहे त्यात ते नसते. म्हणजे एखाद्याचे काम कार्ड न घेताही सुटू शकते. निम्म्या भावातले निरुपयोगी कार्ड घेण्यापेक्षा हे बरे नाही का?

आणि ज्यांचे काम बिल बनवणे, हिशेब ठेवणे, एम्ब्रॉयडरीचे साधे डिझाइन किंवा लग्नपत्रिका एवढेच आहे, त्यांनी कार्डाच्या वाटेला जाऊच नये. कॉम्प्युटर हळू चालतो म्हणजे कार्ड कमी पडते असे नव्हे. बहुतेक वेळा रॅम कमी असते किंवा जुनी हार्ड डिस्क अडवत असते. आधी दुखणे ओळखा, मग औषध घ्या.

सूट कशावर?

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे राहिल्यावर एक गोष्ट कळते. सूट नेहमी छापील किमतीवर सांगतात, बाजारभावावर नाही. हंगाम उलटलेल्या मालावर ५० टक्के सूट म्हणजे ग्राहकावर मेहेरबानी नव्हे. दुकानदाराला जागा मोकळी करायची असते. कार्डाचेही तसेच. तेच काम करणारा नव्या पिढीचा माल आज काय भावाने मिळतो, तो भाव धरून सूट मोजा.

हिशेब असा मांडावा. समजा, नवे कार्ड ३०,००० रुपयांना पक्क्या बिलाने मिळते आणि तीन वर्षांची हमी आहे. त्यात १८ टक्के जीएसटीचे ४,५७६ रुपये आहेत. आपण नियमित जीएसटी भरणारे असाल तर ते वळते होतात, म्हणजे कार्ड २५,४२४ रुपयांना पडले. कंपोझिशन घेतलेल्याला किंवा नोंदणी नसलेल्याला ही सोय नाही, हे लक्षात ठेवा. तीन वर्षांनी भागले तर वर्षाला सुमारे ८,५०० रुपये. आता बिलाविना, हमीविना वापरलेले कार्ड १८,००० ला मिळते. त्याचा भरवसा दोन वर्षांचा धरला तर वर्षाला ९,००० रुपये पडतात. दिसायला १२,००० वाचले, प्रत्यक्षात जुने महाग पडले. तेच जुने कार्ड १०,००० ला मिळत असेल तर हिशेब वर्षाला ५,००० वर येतो आणि सौदा विचार करण्याजोगा होतो. म्हणजे निर्णय जुन्या-नव्याचा नाही, आकड्याचा आहे.

विजेचाही आकडा मांडा. ३०६० कार्ड पूर्ण ताणावर १७० वॅट खाते, ४०६० हे ११५ वॅट. फरक ५५ वॅटचा. रोज दहा तास, वर्षाला ३०० दिवस पूर्ण ताणाचे काम असेल तर १६५ युनिट जास्त जळतात. युनिटला दहा रुपये धरले तर १,६५० रुपये. ज्याच्याकडे काम थोडे त्याला हे किरकोळ आहे, ज्याचे यंत्र दिवसभर चालते त्याला नाही. शिवाय मराठवाड्याचा मे महिना, धूळ आणि जाणारी-येणारी वीज यांत जास्त वीज खाणारे यंत्र म्हणजे जास्त गरमी आणि यूपीएसवर जास्त बोजा.

वापरलेले कार्ड आणि विक्रेत्याचे इमान

वापरलेल्या कार्डांबाबत एक गोष्ट उघड सांगितली पाहिजे. इथेरियम नावाचे आभासी चलन तयार करण्यासाठी जगभर लाखो कार्डे रात्रंदिवस चालवली गेली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी त्या चलनाची पद्धत बदलली, ते काम एका दिवसात संपले आणि ही कार्डे बाजारात उतरली. असे प्रत्येक कार्ड खराबच असते असे नाही. पण पंखे झिजलेले असतात, मेमरीने मोठी उष्णता सोसलेली असते, आणि धुऊन-पुसून 'थोडेच वापरले' म्हणून ते विकले जाते. काही ठिकाणी तर जुन्याच कार्डाला नव्याचे नाव देऊन विकतात. जीपीयू-झेड नावाचे मोफत सॉफ्टवेअर अशा नकली मालाचा बराच पत्ता देते. घेणाऱ्याने ते चालवून पाहावे आणि कार्ड अर्धा तास ताणावर ठेवून तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

येथे मी घेणाऱ्यांइतकेच विकणाऱ्या बांधवांशीही बोलतो. मालातला ऐब सांगून विकणे हा आपल्या तिजारतीचा पाया आहे. ऐब लपवला असेल तर माल परत करण्याचा खरीदाराला जो हक्क आहे, त्याला फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' म्हणतात. आपण कापडातला डाग दाखवून, भाव कमी करून तागा विकतो. मग कार्ड कुठे आणि किती चालले हे सांगायला जीभ का अडते? कॉम्प्युटरच्या दुकानांत आपली अनेक मुले आहेत. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी लावून बरकत येत नाही, विश्वासाने येते.

कायद्याचाही आधार आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार साधारणपणे चालत नाही. पण जो स्वयंरोजगारातून केवळ स्वतःच्या पोटापाण्यासाठी वस्तू घेऊन वापरतो, तो ग्राहकच मानला जातो. एकट्याने स्टुडिओ चालवणारा तरुण जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. अट एकच, हातात बिल पाहिजे.

कर्ज काढून तर नकोच

शेवटची गोष्ट हप्त्यांची. 'बिनव्याजी हप्ते' ही जाहिरात पाहून मुले भुलतात. व्याज शून्य ही कल्पनाच अस्तित्वात नाही, ते प्रक्रिया शुल्कात किंवा गमावलेल्या रोख सुटीत दडलेले असते, असा इशारा रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना दिला होता. रोखीने काय भाव आणि हप्त्याने एकूण किती, हे दोन आकडे समोरासमोर ठेवा, व्याज कुठे बसले आहे ते दिसेल. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी तर हे पाहिलेच पाहिजे. आणि ज्या यंत्राचे मोल दरवर्षी एवढे घसरते ते कर्जाने घेणे कोणालाच परवडत नाही. यंत्र जुने होते, हप्ता जुना होत नाही.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. काम ठरलेले असेल, ते काम जुन्या पिढीच्या कार्डाने होते हे तपासलेले असेल, पक्के बिल आणि कंपनीची हमी असेल आणि पैसा खिशातला असेल, तर मागच्या पिढीचे कार्ड खुशाल घ्या, त्यात कमीपणा नाही. यांतली एकही गोष्ट नसेल तर कितीही सूट मिळो, हात मागे घ्या.

मालेगावच्या नासिर शेख यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता साध्या कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' बनवला आणि पुढे त्या गावाच्या सिनेमावर माहितीपट निघाला. त्यांच्याकडे महागडे यंत्र नव्हते, हुन्नर होता. आपल्या तरुणांनी आधी हुन्नर कमवावा. कमाईतून यंत्र आले पाहिजे. यंत्र आधी आणून कमाईची वाट पाहत बसणे, हा तोट्याचा सौदा आहे.