वारा समुद्रावरचा, बळ स्वदेशीचे

१९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाचे शस्त्र उपसले, तेव्हा डेन्मार्कची बहुतांश ऊर्जा आयात तेलावर अवलंबून होती. रविवारी खासगी मोटारी रस्त्यावर आणण्यास बंदी घालण्याची वेळ तेथील सरकारवर आली. परावलंबनाची ती नामुष्की हा चिमुकला देश विसरला नाही.

त्याच काळात आकाराला आलेली 'डाँग' ही सरकारी तेल-वायू कंपनी आज 'ऑर्स्टेड' नावाने ओळखली जाते. २००६ मध्ये देशातील अनेक वीज कंपन्या तिच्यात विलीन झाल्या आणि त्यांच्यासोबत वाऱ्याचा अनुभवही आला. जगातील पहिला सागरी पवनऊर्जा प्रकल्प डेन्मार्कमध्येच, विंडेबी येथे १९९१ साली उभा राहिला होता. अवघ्या ११ पवनचक्क्या, क्षमता पाच मेगावॉटहून कमी. पण यंत्रे मात्र देशातच घडलेली! २००९ मध्ये कंपनीने ८५ टक्के जीवाश्म इंधनाचे प्रमाण एका पिढीत उलटे करण्याचा संकल्प सोडला आणि तो मुदतीच्या कितीतरी आधी पूर्णत्वास नेला. २०१७ मध्ये तेल-वायू व्यवसाय विकला गेला, तर २०२४ मध्ये तिचे शेवटचे कोळसा वीजकेंद्र बंद झाले. निम्म्याहून अधिक मालकी आजही शासनाकडे आहे. सरकारी कंपनी म्हणजे सुस्त कारभार, या समजुतीला हे चोख उत्तर आहे.

मात्र या कथेची दुसरी बाजूही तितकीच बोधप्रद आहे. २०१४ मध्ये गोल्डमन सॅक्स या अमेरिकी वित्तसंस्थेला कंपनीचे सुमारे १८ टक्के भाग विकले गेले, तेव्हा जनक्षोभ उसळला आणि एक घटक पक्ष सत्तेतून बाहेर पडला. पुढे कंपनीने अमेरिकेत मोठे डाव मांडले. २०२३ मध्ये न्यू जर्सीतील दोन प्रकल्प गुंडाळावे लागले. २०२५ मध्ये जवळजवळ पूर्ण होत आलेल्या 'रिव्होल्यूशन विंड' प्रकल्पाचे काम वॉशिंग्टनच्या एका आदेशाने थांबले. न्यायालयाने दिलासा दिला, तरी तोवर भागधारकांपुढे ६० अब्ज क्रोनरसाठी हात पसरावा लागला होता. घरच्या भूमीवर जे बळ होते, ते परक्या अंगणात मर्यादा ठरले.

भारताने यातून काय घ्यावे? २०१५ मध्ये आपण सागरी पवनऊर्जा धोरण आखले. २०२४ मध्ये केंद्राने गुजरात व तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील एक हजार मेगावॉटसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. तरीही २०२५ मध्ये निविदा रद्द कराव्या लागल्या. कारण केवळ पैसा पुरेसा नसतो. अवजड पाती हाताळू शकणारी बंदरे, पाया रोवणारी जहाजे, किनाऱ्यापर्यंत वीज आणणाऱ्या समुद्री तारा आणि हे सारे घडवणारे कारखाने आधी लागतात. कोळी बांधवांचे मासेमारीचे हक्कही आराखड्यातच हवेत, मागाहून दिलेल्या भरपाईत नव्हेत.

दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाने परकीय भांडवलाच्या अटींवर वीज घेण्याची किंमत महाराष्ट्राला शिकवली आहे. तेल आयात करणारा देश उद्या पवनचक्क्या आयात करू लागला, तर केवळ सावकार बदलेल, कर्ज तेच राहील. वारा आपलाच आहे. त्याला पेलणारे पातेही आपलेच असले पाहिजे.