आशाताईंच्या फॉर्मात एक प्रश्न वाढवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,


मागणी लहान आहे, म्हणून ती आधीच सांगते. तीस वर्षांपुढच्या बायकांच्या घरी जाऊन आशाताई तपासणीचा जो फॉर्म भरतात, त्यात शौचावाटे रक्त जातं का आणि शौचाची नेहमीची सवय अलीकडे बदलली आहे का, एवढं विचारलं जावं. जी बाई ‘हो’ म्हणेल तिची पहिली तपासणी तिच्याच तालुक्यात आणि शक्यतो स्त्री डॉक्टरच्या हातून व्हावी. गरज पडली तर सोलापुरात दुर्बिणीची तपासणीही पैसे न मोजता व्हावी. फॉर्म केंद्र सरकारचा आहे हे मी जाणते. राज्यानं आपल्यापुरता प्रश्न जोडावा आणि केंद्राकडे तशी शिफारस करावी.

मी डॉक्टर नाही. सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार बायकांमध्ये काम करते. हे पत्र मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाबद्दल आहे. आमच्या जिल्ह्यात बायकांना तो फार कमी होतो, आणि कमी होतो म्हणूनच कुणी त्याबद्दल विचारत नाही.

आकडे आपल्या खात्याकडे आहेतच, तरी इथे मांडते. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा 2020 चा अहवाल 2012 ते 2016 या वर्षांचा आहे. वयाचा फरक जुळवून काढलेला सर्व कर्करोगांचा दर बायकांमध्ये सगळ्यात जास्त निघाला तो अरुणाचलच्या पापुम पारे जिल्ह्यात, लाखामागे 219.8. सगळ्यात कमी निघाला आमच्या शेजारी, उस्मानाबाद आणि बीड जिल्ह्यांत, 49.4. एकाच देशातल्या बायकांमध्ये हा चौपटीहून जास्त फरक आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचंही चित्र असंच. युरोप-अमेरिकेतल्या बायकांमध्ये त्याचं प्रमाण भारताच्या कित्येक पट आहे. भारतात ते शहरांत जास्त आणि खेड्यांत कमी. ईशान्येच्या काही भागांत आणि केरळात ते आपल्यापेक्षा वर आहे, तर बार्शीच्या बाजूला गर्भाशयमुख आणि स्तनाच्या कर्करोगांच्या कितीतरी खाली.

बार्शीचं नाव इथे मुद्दाम घेते. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली बार्शीत सुरू झाली, नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलात, डॉ. भगवान नेने यांच्या पुढाकारानं आणि टाटा मेमोरियलच्या आधारानं. बार्शी, परांडा आणि भूम हे तीन तालुके. त्या काळी नोंदणी म्हणजे मुंबईसारख्या शहरातल्या मोठ्या इस्पितळांचे कागद गोळा करणं. बार्शीच्या लोकांनी ते उलट केलं. रुग्ण इस्पितळात येण्याची वाट न पाहता त्यांचे कार्यकर्ते गावोगाव गेले. सरपंचांना, शिक्षकांना, दाईंना भेटले, अंगावरून पाणी जाणं किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसणं म्हणजे काय असू शकतं ते पारावर बसून सांगत राहिले. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या, हे त्यांनी आकड्यांनी दाखवलं आहे. नवं यंत्र आणलेलं नव्हतं. बायकांना कुणीतरी विचारलं होतं आणि त्यांनी सांगितलं होतं, इतकंच.

पुढे याच टापूत, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, 1,31,746 बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या बायका, 52 गावगट. एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीनं त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. 2009 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो निष्कर्ष छापून आला आणि जगभर गर्भाशयमुखाच्या तपासणीची दिशा ठरवताना त्याचा आधार घेतला गेला. शेतात खुरपणी करणाऱ्या, रोजगार बुडवून तपासणीला आलेल्या बायकांनी हे जगाला दिलं. त्यांच्याच लेकीसुनांच्या आतड्यांबद्दल सरकारी फॉर्म काही विचारत नाही.

आता या कमी आकड्याबद्दल. तो पूर्ण खोटा आहे असं मी म्हणत नाही. ज्वारीची भाकरी, डाळ-भाजी, कष्टाचं काम आणि बेताचं वजन, यांचा त्यात वाटा असणार. चोथा असलेलं अन्न आणि आतड्याचा कर्करोग यांचा संबंध डेनिस बर्किट या सर्जननं आफ्रिकेतल्या खेड्यांत पाहून 1970 च्या दशकात मांडला होता आणि आजवरचे अभ्यास बव्हंशी त्याच बाजूला झुकतात. प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये कर्करोगकारक ठरवलं. ते आमच्या ताटात नसतंच म्हणा. पण भाकरीही आता रोजची राहिलेली नाही. पूर्व भागात सकाळी चहासोबत खारी-टोस्ट, दुपारी भात, संध्याकाळी हातगाडीवरचं तळलेलं. बायका सकाळपासून मांडीवर सूप घेऊन बसलेल्या असतात. भिजवलेलं पान कात्रीनं मापात कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. हजार विड्या पुऱ्या करायच्या तर बाई दिवसभरात उठते किती? दीर्घकाळ बसून राहणं आणि पोटाभोवती वाढणारी चरबी या गोष्टी या कर्करोगाचा धोका वाढवतात, आणि खेड्यातून शहरात आलेल्या घरांत दोन्ही आहेत. मुंबई, बेंगळुरू, चेन्नईच्या नोंदवह्यांत हा कर्करोग वाढतो आहे. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयांमध्येही त्याचा दर मायदेशापेक्षा जास्त भरतो. म्हणजे आमचा कमी आकडा रक्तात लिहिलेला नाही. राहणी बदलली की तोही बदलतो.

दुसरी गोष्ट, कमी आकड्यात न सापडलेल्या बायका किती, हे आपल्याला कसं कळणार? स्तनातली गाठ हाताला लागते. गर्भाशयमुखासाठी शिबिरं तरी होतात. आतड्याच्या कर्करोगाचं निदान दुर्बीण आणि तुकड्याच्या तपासणीशिवाय होत नाही. ती झालीच नाही तर नोंदही होत नाही, आणि बाई ‘अशक्तपणानं’ किंवा ‘पोटाच्या आजारानं’ गेली असं गावात म्हटलं जातं.

आमच्या वाडीतल्या एका अक्कांचं सांगते. नाव घेत नाही. वय चव्वेचाळीस. शौचाला रक्त पडायला लागलं तेव्हा त्यांनी ते कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला सांगण्यासारखी गोष्ट नव्हे, मुलाला तर नव्हेच. सुनेनं बाथरूममध्ये पाहिलं आणि विचारलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, “विडीला बसून बसून मूळव्याध हाय गं, समद्यांनाच हाय.” एका खासगी दवाखान्यात दाखवलं. तिथेही हेच म्हणाले. पावडर दिली, मलम दिलं, तिखट बंद करा म्हणाले. टेबलावर झोपवून बोटानं तपासणी केली नाही. अक्कांनीही करू दिली नसती, असं त्या स्वतःच म्हणतात, कारण डॉक्टर पुरुष होते. पुढे महिने गेले. मलम बदललं, दवाखाना बदलला. भिंतीवर ‘बिनऑपरेशन इलाज’ लिहिलेल्या एका ठिकाणी इंजेक्शनंही झाली. वजन उतरलं, रक्त कमी झालं म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. शेवटी एका स्त्री डॉक्टरनं तपासलं तर गाठ बोटाला लागली. गुदाशयाचा कर्करोग, बराच पुढे गेलेला. किरणोपचार, ऑपरेशन, पोटावर कायमची पिशवी. अक्का आज आहेत. पण लग्नकार्याला जात नाहीत, बसमध्ये बसत नाहीत. पिशवीचा वास येईल या भीतीनं त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतलं आहे. गाठ वर्षभर आधी सापडली असती तर ही पिशवी टळण्याची बरीच शक्यता होती, असं त्यांना डॉक्टरांनीच सांगितलं.

या गोष्टीत वाईट माणूस कुणी नाही. मूळव्याध खरोखरच घरोघरी आहे, आणि रक्त पडणाऱ्या बहुतेक बायकांना तीच असते. म्हणून तर विचारणं आणि तपासणं गरजेचं आहे. आपल्याकडे हा रोग तरुण वयात येतो, हेही लक्षात घ्यावं. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं 2017 मध्ये आपल्या 800 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात सरासरी वय 47 च्या आसपास होतं. पाश्चात्त्य देशांत तो बहुतकरून साठीपुढचा रोग मानला जातो. गुदाशयाच्या गाठींचं प्रमाणही आपल्याकडे मोठं आहे आणि त्यांतल्या अनेक गाठी बोटाच्या टप्प्यात असतात. आतड्याचा कर्करोग झाल्यावर पाच वर्षं जगणारे भारतात 40 टक्क्यांच्या आसपास, अमेरिका आणि जपानमध्ये 60 च्या पुढे. हा फरक शरीराचा नाही, उशिराचा आहे.

बायकांच्या बाबतीत उशिराचं आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्याच योजनांत आहे. आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ डोळ्यांना रक्त दाखवत नाही. ती आतल्या आत झिरपत राहते आणि हिमोग्लोबिन खाली जातं. पुरुषाचं हिमोग्लोबिन 8 आलं तर डॉक्टर रक्त कुठून जातंय ते शोधतात. बाईचं आलं तर ‘पाळी’ असं लिहून गोळ्या देतात. पाळी गेलेल्या बाईलाही तेच. 2018 च्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ योजनेत बायकांसाठीची वयोमर्यादा 20 ते 49 आहे. पन्नाशीच्या बाईचं रक्त का कमी झालं, हे विचारायला त्या योजनेत कुणी नाही, आणि धोका वाढतो तो नेमका याच वयात.

आता आशाताईंचा फॉर्म. राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्यांसाठी रक्तदाब, मधुमेह आणि तीन कर्करोग आहेत: तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा. निवड बरोबर आहे. मिश्री लावणाऱ्या आमच्या बायकांना तोंडाची तपासणी हवीच. आशाताई उंबऱ्यावर बसून विचारतात: तोंड उघडायला त्रास होतो का, तोंडात न भरणारी जखम आहे का, स्तनात गाठ आहे का, पाळीच्या मध्ये रक्त जातं का, अंगावरून घाण वासाचं पाणी जातं का. बायका सुरुवातीला पदर तोंडाशी नेतात आणि मग उत्तरं देतात, कारण विचारणारी त्यांच्यातलीच असते. एवढं नाजूक बोलून झाल्यावर शौचाचा प्रश्न अवघड नाही. तो कागदावर नाही, म्हणून विचारला जात नाही.

मी जिल्ह्यातल्या सगळ्या बायकांची दर वर्षी शौचतपासणी करा असं म्हणत नाही, हे स्पष्ट करते. जपाननं 1992 मध्ये ती देशभर सुरू केली. अमेरिकेनं 2021 मध्ये सुरुवातीचं वय पन्नासवरून 45 वर आणलं. त्यांचा दर वेगळा, पैसा वेगळा. आमच्याकडे एवढ्या कमी दरात हजारो निरोगी बायकांना दुर्बिणीच्या रांगेत उभं करणं म्हणजे ज्यांना खरंच रक्त पडतंय त्यांची जागा अडवणं होईल. मागणी फक्त त्रास असलेल्या बाईसाठी आहे.

त्यासाठी काय लागेल? ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला वार, त्या दिवशी स्त्री डॉक्टर, एक पडदा, एक प्रॉक्टोस्कोप. पाळी गेल्यानंतर रक्त कमी असलेल्या बाईला गोळ्यांसोबत पुढच्या तपासणीची चिठ्ठी. ज्यांच्या आई-बहिणीला आतड्याचा किंवा गर्भपिशवीचा कर्करोग लहान वयात झाला आहे, त्यांची वेगळी नोंद, कारण हे दोन कर्करोग काही घराण्यांत मिळून येतात. सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, या बायकांसाठी दुर्बिणीच्या राखीव वेळा. ते रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याकडे येतं, तेव्हा आपण त्या मंत्र्यांशी बोलावं ही विनंती. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ऑपरेशन आणि केमोला मोठा आधार आहे, पण निदानापर्यंतचा खर्च बाईच्या कनवटीतूनच जातो, आणि कनवट रिकामी असली की ती मलमावर थांबते. पिशवी लागलेल्या बायकांना पिशव्या आणि त्या कशा वापरायच्या हे शिकवणारी नर्स तालुक्याला मिळावी.

सुरुवात कुंभारीपासून करता येईल. विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत तिथेच आहे आणि 2024 मध्ये चाव्या वाटलेली रे नगरची घरंही तिथेच. हजारो कष्टकरी कुटुंबं एका जागी आहेत. बार्शीच्या लोकांना सोबत घ्या. गावात जाऊन बायकांना कसं विचारायचं हे त्यांना पस्तीस वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. वर्षभर प्रश्न विचारा, किती बायकांनी ‘हो’ म्हटलं, किती तपासल्या गेल्या, किती जणींना मूळव्याध निघाली आणि किती जणींना गाठ, हे शहर आणि ग्रामीण वेगळं करून जाहीर करा. मग आमचा आकडा खरंच कमी आहे की फक्त कमी दिसतो, हे आपल्यालाही कळेल आणि आम्हालाही.

कुंभारीच्या आशाताईंशी मी बोलले आहे. फॉर्मात ओळ आली तर विचारू, असं त्या म्हणतात. राज्यापुरती ती ओळ घालण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
पूर्व भाग, सोलापूर येथील एक कार्यकर्ती